गर्दीच्या रस्त्याचं लिनोकट: तिसऱ्या-चौथ्या रंगाला चित्र का सरकतं आणि काय करायचं

लक्षण असं असतं. दादर पश्चिमेच्या फुलबाजाराचं किंवा भुलेश्वरच्या गल्लीचं चित्र घेतलंय, एकाच लिनोतून (कोरून, शाई लावून कागदावर छापायच्या मऊ शीटमधून) प्रत्येक रंगानंतर आणखी थोडं कोरत चार रंग काढायचे आहेत. पहिला फिका पिवळा सुरेख बसतो. दुसराही बसल्यासारखा वाटतो. तिसऱ्या रंगाला माणसांच्या खांद्यांच्या एका बाजूला पिवळी-नारिंगी किनार दिसायला लागते आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी रंग पांढऱ्या सदऱ्यावर चढतो. चौथा, गडद रंग आला की लांबच्या गर्दीचा नुसता चिखल होतो. जवळच्या हातगाडीवाल्याचं काही बिघडत नाही, बसही ठीक दिसते. बिघडते ती गर्दी, म्हणजे जिच्यासाठी चित्र काढायला घेतलं तीच. मग कागद बदलून पाहिला जातो, शाई बदलली जाते, पुढच्या वेळी कागद आणखी जपून टेकवला जातो, आणि पुन्हा तेच होतं.

हात थरथरला किंवा नजर चुकली, असं त्याचं कारण बहुतेक वेळा नसतं. कागद, लिनो आणि प्रेस या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या हलतात, आणि चित्राची आखणी मात्र त्या अजिबात हलणार नाहीत असं धरून केलेली असते. म्हणून इलाजही दोन ठिकाणी करावा लागतो. हलणं कमी करायचं, आणि जे उरेल ते पोटात घेईल असं चित्र आखायचं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

गर्दीतच हे का दिसतं, त्याचं साधं गणित मांडून पाहा. चित्र ५० सेंटीमीटर रुंद आहे आणि कागद फक्त ०.२ टक्के फुगला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ मिलिमीटरचा फरक पडतो. चार सेंटीमीटर रुंदीच्या हातगाडीला १ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची रुंदी मात्र ५-६ मिलिमीटर असते. त्याच्या अंगाचा पाचवा-सहावा हिस्सा चुकीच्या रंगाचा होतो. चूक सगळीकडे सारखीच असते, पण लहान आकृत्यांना ती पेलत नाही.

आधी मोजमाप

काहीही बदलण्याआधी चूक नेमकी कुठली आहे ते शोधा. लिनोच्या चार कोपऱ्यांत, चित्राच्या चौकटीबाहेर, एकेक बारीक अधिक चिन्ह ठेवा आणि ते शेवटच्या रंगापर्यंत कोरून काढू नका. प्रत्येक रंगाला ही चिन्हं कागदाच्या समासात एकावर एक छापली जातील. नंतर समास कापून टाकता येतो. समास ठेवायचाच असेल, तर प्रूफच्या, म्हणजे तपासणीच्या, दोन-तीन कागदांवरच चिन्हांना शाई लावा आणि बाकीच्या कागदांच्या वेळी ती फडक्याने पुसून घ्या.

दुसरा रंग झाल्यावर भिंग घेऊन चारही चिन्हं बघा. चारही ठिकाणी एकाच दिशेला, सारखंच सरकलेलं असेल तर कागद टेकवण्यात गडबड आहे: कागद अडकवायची खुंटी सैल आहे, तिचं भोक मोठं झालंय किंवा कागद टेकवायची कोपऱ्याची पट्टी उचकटली आहे. एक कोपरा बरोबर आणि बाकीचे गोल फिरल्यासारखे असतील तर कागद एकाच जागी धरला जातोय, दुसरा आधार पकड घेत नाहीये. प्रत्येक कागदावर वेगळीच चूक असेल तरीही दोष टेकवण्याचाच. पण खुंट्यांच्या बाजूची दोन चिन्हं बरोबर बसली आहेत आणि समोरच्या बाजूची दोन सुटली आहेत, असं दिसलं तर काहीतरी ताणलं गेलंय किंवा आक्रसलंय. वर सांगितलेला चिखल होतो तेव्हा बहुतेकदा हीच तऱ्हा आढळते.

ताणलं काय, हे कळायला स्टीलची पट्टी पुरे. पहिला रंग छापला त्या दिवशी कागदावरच्या दोन चिन्हांमधलं अंतर मोजा, लिनोवरचं मोजा, आणि दोन्ही आकडे कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा. आडवं अंतर वेगळं, उभं वेगळं. पुढच्या रंगाच्या दिवशी, शाई लावण्याआधी, पुन्हा मोजा. कागदावरचं अंतर बदललं असेल तर दोष हवेचा आणि कागदाचा. लिनोवरचं बदललं असेल तर लिनोने पाणी प्यायलंय किंवा तो फाकलाय. दोन्ही जसेच्या तसे असतील आणि छापल्यावर तरीही चूक येत असेल, तर प्रेसखालून जाताना काहीतरी ढकललं जातंय. या तीन आजारांची औषधं वेगवेगळी आहेत. न मोजता तिन्ही एकदम दिली की नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या चित्राला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कागद

मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेकदा ८० टक्क्यांच्या पुढे असते. कागद ती शोषतो आणि फुगतो. हवा कोरडी झाली की आक्रसतो. नुसतं फुगल्याने बिघडत नाही. फुगलेल्या कागदावर सगळे रंग काढले तर सगळे एकमेकांवर बसतील. पहिला रंग एका हवेत आणि तिसरा दुसऱ्या हवेत काढला की बिघडतं. सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे छापायचं एका खोलीत आणि प्रिंट वाळायला एसीच्या खोलीत न्यायचे, किंवा शाई लवकर सुकावी म्हणून कागदांवर हीटर लावायचा. शाई तेलाची असेल तर ती हवेतल्या ऑक्सिजनने वाळते आणि पावसाळ्यात तिला वेळ लागतोच. त्यात घाई केली की कागद आक्रसतो. जिथे छापता तिथेच दोऱ्यांना चिमट्यांनी टांगा, साधा पंखा थेट अंगावर न घेता फिरता ठेवा आणि दोन रंगांमध्ये जास्त दिवस धरा. शाई लवकर वाळवणारा कोबाल्ट ड्रायर घालणार असाल तर अगदी थेंबभर.

पाण्यावर चालणारी शाई वर्गात सोयीची असते, पण चार रंगांच्या गर्दीच्या चित्राला मी ती सुचवणार नाही. प्रत्येक रंगाबरोबर कागदाला पाणी पाजलं जातं.

मशीनवर बनलेल्या कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला झोपलेले असतात. कागद तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही, त्यांच्या आडव्या दिशेला बराच जास्त वाढतो. हलकेच वाकवून पाहिलं की ज्या दिशेने तो सहज वळतो, ग्रेन त्या घडीच्या रेषेत असतो. मोठ्या शीटमधून कागद कापताना काही उभे, काही आडवे कापले गेले तर एकाच एडिशनमधले (एका चित्राच्या सगळ्या प्रतींमधले) काही कागद रुंदीत वाढतील आणि काही उंचीत. मग कुठलाच उपाय सगळ्यांना लागू पडणार नाही. हाताने बनवलेल्या कागदात तंतू चहूकडे असतात, त्यामुळे तो दोन्हीकडे साधारण सारखा वाढतो. ते चांगलं की वाईट, हे चित्रावर ठरतं.

रस्त्याच्या चित्रात ग्रेन आडवा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. उभ्या माणसाची रुंदी ६ मिलिमीटर आणि उंची २० असेल, तर रुंदीतली १ मिलिमीटरची चूक त्याला खाऊन टाकते. उंचीतली तेवढीच चूक पायजम्याच्या टोकाशी किंवा डोक्यावरच्या टोपलीशी जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रस्त्यात उभ्या कडाच फार: माणसं, खांब, इमारतींचे कोपरे, दुकानांची शटरं. ग्रेन आडवा असला की कागद उंचीत वाढतो, रुंदीत जवळपास नाही. चूक पूर्ण घालवता येत नसेल तर ती जिथे कमी दिसेल तिकडे ढकलायची.

आणखी एक सवय उपयोगी पडते. पहिला रंग काढण्याआधी प्रत्येक कोरा कागद प्रेसखालून, नेहमीच्याच दाबाने, एक-दोनदा काढून घ्या. जे काही पसरायचं असेल ते रंग लागण्याआधी पसरून जातं. कागद आणल्या दिवशी वापरू नका; काही दिवस छपाईच्याच खोलीत सुटे टांगून ठेवा. आणि पहिल्या दिवशीच जादा कागदांवर पहिला रंग काढा. एकाच लिनोतून कोरत जाण्याच्या पद्धतीत मागे फिरायला वाट नसते, नंतर कागद वाढवता येत नाहीत.

प्रेस आणि लिनो

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा आणि लाकडाचा भुसा, राळ वगैरे घटक आणि खाली तागाचं कापड. थोडा मऊ असतो म्हणून तर कोरायला छान. पण प्रेसच्या रोलरखाली तो पुढच्या दिशेला किंचित ताणला जातो, आणि जसजसं कोरून कमी होतं तसतसा जास्त. शेवटच्या रंगापर्यंत लिनोवर गर्दीची बेटं उरलेली असतात, आणि त्यांना एकमेकांशी घट्ट बांधणारं फारसं काही राहिलेलं नसतं.

सुटा लिनो वापरू नका. तो प्लायवर किंवा एमडीएफवर फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा; हाच ब्लॉक. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना वॉर्निश किंवा शेलॅकचा हात द्या. ब्लॉक धुवायला पाणी नको. साध्या खाद्यतेलाने शाई सैल करून फडक्याने पुसली की तागाचं कापड कोरडं राहतं. लिनोवरचं अंतर बदललेलं आढळलं असेल तर बहुतेक वेळा तो धुतलेला असतो, असं म्हणायला हरकत नाही.

एचिंग प्रेस (धातूच्या पत्र्यावरून छापायचा रोलरचा प्रेस) असेल तर दोन गोष्टी बघा. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीच्या लाकडी पट्ट्या हव्यात, बेडच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. त्या नसतील तर रोलर ब्लॉकच्या कडेवर चढताना धक्का देतो, आणि तो धक्का थेट कागदाला लागतो. दुसरं, रोलरखालचं जाड मऊ फेल्ट, म्हणजे लोकरीचं कापड, काढून टाका. ते एचिंगसाठी असतं; लिनोत ते कोरलेल्या खाचांमध्ये घुसतं आणि कागदाला सोबत ओढून नेतं. त्याऐवजी कागदावर दोन-तीन न्यूजप्रिंट आणि वर एक गुळगुळीत कडक कार्ड ठेवा. दाब कमी करा. दाब वाढवून फिकी छपाई भरून काढायची सवय अनेकांना असते. ती शाईने आणि रोलिंगने भरून काढावी.

ब्लॉक प्रेसवर असा ठेवा की रोलर माणसांच्या उंचीच्या दिशेने जाईल. कारण तेच: ताण पडायचाच असेल तर तो उंचीत पडू दे.

प्रेस नसेल आणि चमच्याने किंवा बॅरनने (गोल सपाट घासणीने) मागून घासत असाल तर प्रेसबद्दलचा हा भाग सोडून द्या. हाताने घासलेल्या प्रिंटमध्ये ढकललं जाण्याचा त्रास खूप कमी असतो. फक्त मध्यापासून बाहेरच्या बाजूला घासा आणि डाव्या हाताने कागद दाबून धरा.

कागद धरायची जागा

बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या टॅब आणि धातूच्या खुंट्यांची व्यवस्था चांगली आहे. ती महाग वाटत असेल तर ऑफिसच्या पंचिंग मशीनने कागदाच्या समासाला चिकटवलेल्या जाड पट्टीत भोकं पाडा आणि त्याच मापाच्या खुंट्या ब्लॉकच्या तळफळीवर बसवा. भोकं कागदातच पाडली तर दोन-तीन रंगांत ती लांबट होतात, म्हणून पट्टी हवीच.

खुंट्या कुठल्या बाजूला, हा प्रश्न बहुतेक जण सोयीने सोडवतात. तो चित्रावरून सोडवा. चूक खुंटीपाशी शून्य असते आणि तिथून दूर जाताना वाढत जाते. रस्त्याच्या चित्रात वर तारा, गॅलऱ्या, पाट्या आणि लांबची बारीक गर्दी. खाली जवळची मोठी माणसं. खुंट्या वरच्या बाजूला असल्या की बारीक काम सुरक्षित राहतं आणि वाढलेली चूक खाली, मोठ्या आकारांमध्ये जाऊन पडते.

जपानी लाकूडठशांत खुंट्याच नसतात. तिथे ब्लॉकवरच एक कोपऱ्याची आणि एक सरळ अशा दोन खाचा कोरलेल्या असतात, त्यांना केंतो म्हणतात. खाच आणि चित्र एकाच लाकडात असल्याने लाकूड हललं तर दोन्ही सोबत हलतात. आणि तिथे कागद ओला छापतात, पण पहिल्यापासून शेवटच्या रंगापर्यंत सारखाच ओला ठेवतात. कोरडा की ओला यापेक्षा एकसारखा असणं महत्त्वाचं, हे तिथल्या कारागिरांनी आपल्याआधी ओळखलं होतं. जपानी चित्रकार हिरोशिगेने १८५६ ते १८५८ या काळात इडोची (आजच्या टोकियोची) जी दृश्यं केली, त्यात सारुवाका-माची या नाटकगृहांच्या गल्लीचं चांदण्या रात्रीचं चित्र आहे. रस्त्यावर माणसं, प्रत्येकाची सावली जमिनीवर पडलेली. इतक्या लहान आकृत्या इतक्या रंगांत नेमक्या बसवायच्या तर कागदाचा ओलावा सांभाळावाच लागतो.

खरी गोष्ट आखणीत आहे

आता जे सांगतोय ते कागदावर रेघ मारून एकदा स्वतः करून बघा, म्हणजे पुढे कधी विसरणार नाही.

एकाच ब्लॉकमधून रंग काढताना प्रत्येक गडद रंग आधीच्या फिक्या रंगावर बसतो. पिवळ्याच्या शेजारी नारिंगी असेल तर त्या कडेवर फक्त नारिंगी थांबतो; पिवळा त्याच्या खालून पुढे गेलेला असतो. नारिंगी अर्धा मिलिमीटर सरकला तर आकार अर्धा मिलिमीटर सरकेल, पण किनार दिसणार नाही. तिथे चूक दिसायला जागाच नाही. आता पांढऱ्या सदऱ्याशेजारी काळे केस घ्या. पांढऱ्याच्या कडेवर पिवळा थांबतो, नारिंगी थांबतो, तपकिरी थांबतो, काळाही थांबतो. चार रंगांच्या चार कडा एकाच रेषेवर यायला हव्यात. त्यातला एक जरी सरकला तरी इंद्रधनुष्यी किनार येणारच. चूक किती दिसते, हे त्या कडेवर किती रंग एकदम थांबतात यावर ठरतं.

म्हणून आखणीच्या कच्च्या कागदावर, रंग भरण्याआधी, प्रत्येक भागावर आकडा लिहा. कोरा कागद ०, पहिला रंग १, शेवटचा ४. मग शेजारी-शेजारी असलेल्या आकड्यांमधला फरक बघा. १ आणि २ शेजारी असतील तर बिनधास्त. ० आणि ४ शेजारी असतील तर तिथे लाल खूण. मुंबईच्या रस्त्यात अशा जागा ढिगाने सापडतात: पांढरा सदरा आणि काळे केस, गांधी टोपी आणि मागचा काळोखा दुकानदरवाजा, उजळ आकाशावर विजेच्या तारा, काळ्यापिवळ्या टॅक्सीचं पिवळं छत आणि काळी बाजू. टॅक्सी सोपी वाटते, पण तिथे १ आणि ४ शेजारी आहेत, म्हणजे तीन कडा एकाच रेषेवर.

लाल खुणा कमी करायच्या तीन वाटा आहेत. जवळच्या, मोठ्या आकारांत मधली पायरी राखा. टॅक्सीच्या छताच्या कडेला दुसऱ्या रंगानंतर मिलिमीटरभर पट्टी कोरून घ्या, तिसऱ्यानंतर आणखी थोडी. छत आणि बाजू यांच्या मध्ये नारिंगी आणि तपकिरी अशा दोन बारीक पट्ट्या राहतात. त्या छायेसारख्या दिसतात आणि तिन्ही रंग वेगवेगळ्या रेषांवर थांबतात.

दुसरी वाट लांबच्या गर्दीसाठी, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. ६ मिलिमीटरच्या माणसात पायऱ्या कोरायला जागा नसते. मग त्याला चार रंग देऊच नका. गल्लीच्या टोकाची गर्दी फक्त १ आणि २ मध्ये करा, मधली २ आणि ३ मध्ये, ४ फक्त जवळच्या माणसांना. लांबच्या सगळ्या माणसांचे केस काळे असतात हे खरं, पण लांबून ते तसे दिसत नाहीत. धूळ, धूर आणि उजेड यांनी तिथला गडदपणा फिका झालेला असतो. भर दुपारी फुलबाजाराच्या पुलावरून खाली बघितलंत तर लांबची गर्दी एका फिक्या करड्या-पिवळ्या थरात मिसळलेली दिसते. डोळ्याला जे दिसतं तसं छापलं की चूक लपायला आपोआप जागा मिळते. गर्दीचा चिखल होतो कारण आपण लांबच्या माणसाला जवळच्या माणसाचे रंग देतो.

तिसरी वाट म्हणजे कोरा पांढरा जपून वापरणं. चित्रात तीन-चार ठिकाणीच ० ठेवा, तेही मोठ्या आकारांत आणि १ च्या शेजारी. बाकीचे सदरे पहिल्याच रंगाचे होऊ द्या. पहिला रंग पुरेसा फिका असेल तर ते पांढरेच वाटतात.

१९२० च्या दशकात लंडनमध्ये चित्रकार क्लॉड फ्लाइटने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं. १९२२ च्या त्याच्या लिनोकटमध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या बसगाड्या एकामागोमाग धावताना दिसतात; इमारती आणि माणसंही त्या वेगाने वाकलेली. पुढे तो ग्रॉव्हनर स्कूल या कलाशाळेत लिनोकट शिकवायचा. सिबिल अँड्र्यूज आणि सिरिल पॉवर तिथलेच. हे लोक प्रत्येक रंगाला वेगळा लिनो घ्यायचे, साधारण तीन-चार, आणि काळ्या बाह्यरेषेचा ब्लॉक टाळायचे. पातळ जपानी कागदावर, मागून घासून, पारदर्शक शाई एकमेकींवर चढवायची आणि जिथे दोन रंग एकमेकांवर पडतील तिथे तिसरा तयार होऊ द्यायचा. त्या चित्रांत कडा एकमेकींवर येणं हीच रीत आहे. थोडं सरकलं तर ते हालचालीत जमा होतं. हिरोशिगेच्या परंपरेत याच्या उलट आहे: काळ्या रेषेचा एक ब्लॉक सगळ्या रंगांचे सांधे झाकतो. दोन्ही चालतात. अडचण होते ती सांधा झाकणारी रेषाही ठेवायची नाही आणि रंगही एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत तेव्हा, आणि बहुतेक नव्या चित्रकारांची आखणी नेमकी तशीच असते.

तारा आणि पाट्या

विजेच्या तारांसाठी वेगळा लिनो घ्या. एकाच ब्लॉकमधून काढल्या तर तीच बारीक रेघ तीन-चार वेळा छापावी लागते, आणि ती एकदाही जाड न होता बसणं जवळजवळ अशक्य आहे. वेगळ्या ब्लॉकवर फक्त तारा, खांबांच्या कडा आणि काही हातापायांच्या रेषा. सगळ्यात शेवटी, एकदाच. वेगळा ब्लॉक नको असेल तर मधल्या रंगांच्या वेळी तारांच्या भागावर शाई लावलेल्या ब्लॉकवर पातळ कागदाचा कापलेला तुकडा ठेवा, म्हणजे तिथे तो रंग उतरणार नाही, आणि शेवटच्या रंगालाच तारा छापल्या जातील. न्यूजप्रिंट किंवा ट्रेसिंग पेपर चालतो.

दुकानांच्या पाट्यांचंही तेच. देवनागरी अक्षरांना शिरोरेषा असते, आणि लांब आडवी बारीक रेषा चूक सगळ्यात आधी दाखवते. पाटीवर पांढरी अक्षरं राखून ठेवली तर प्रत्येक रंगाला ती पुन्हा नेमकी बसवावी लागतील. त्यापेक्षा पाटी पहिल्या किंवा दुसऱ्या रंगात सपाट ठेवा आणि अक्षरं फक्त शेवटच्या गडद ब्लॉकवर, उलटी कोरून. ती एकाच वेळी छापली जातात, त्यामुळे अक्षर फाटत नाही. उलटं लिहिण्यात गोंधळ होऊ नये म्हणून ट्रेसिंगवर सरळ लिहून, ते पालथं घालून लिनोवर उतरवा, आणि कोरण्याआधी आरशात वाचून घ्या. लांबच्या पाट्यांवर खरी अक्षरं कोरूच नका. शिरोरेषा आणि तिच्याखाली तीन-चार तुटक ठिपके पुरतात, मराठी वाचकाचा डोळा पाटी लगेच ओळखतो.

कधीकधी मात्र मुळात चार रंग हवेत का, हे विचारावं. चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीला राहून लिनोकट करत होते. त्यांचे बरेचसे लिनोकट नुसत्या काळ्या रंगात आहेत आणि माणसांची दाटी त्यात पुरेपूर आहे. चित्र उजेडाचं असेल तर रंग हवा. रस्त्यावरच्या माणसांच्या अंगातला ताण दाखवायचा असेल तर एक काळा आणि चांगलं कोरकाम जास्त बोलतं.

एडिशन अर्धी झाली असेल तर

तिसऱ्या रंगावर चूक लक्षात आली आणि कागद फेकवत नाहीत, अशी स्थिती असेल तर चौथा रंग काढण्याआधी थांबा. सगळे कागद सरकण्याच्या दिशेप्रमाणे वेगळे करा: डावीकडे सरकलेले, उजवीकडे सरकलेले, बरोबर बसलेले. प्रत्येक गठ्ठ्यासाठी कोपऱ्याची पट्टी तेवढीच सरकवून चौथा रंग काढता येतो, आणि तो सरासरी जागेवर बसवला की किनार दोन्ही बाजूंना वाटली जाते, निम्मी दिसते. चौथ्या रंगासाठी कोरताना आधी ठरवलेल्यापेक्षा थोडं कमी कोरा. गडद आकार अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर तो खालच्या किनारी झाकून टाकतो. लांबच्या गर्दीच्या भागावर कागदाचा तुकडा ठेवून तिथे चौथा रंग उतरूच देऊ नका.

मग सगळे प्रिंट वाळल्यावर भिंतीवर लावा आणि हातभर अंतरावरून नव्हे, चार-पाच पावलं मागे जाऊन बघा. ज्यांत लांबची गर्दी माणसांची वाटते ते ठेवा. ज्यांत ती डाग वाटते ते बाजूला काढा. प्रतींचे आकडे त्यानंतर घाला. पंधरा कागदांची एडिशन नऊची झाली तर नऊचीच लिहा. बाजूला काढलेल्यांच्या मागे मोजमापं लिहून ठेवा आणि पुढच्या रस्त्याची आखणी करताना ते कागद टेबलावर असू द्या.